जी दृश्यं पुस्तकात नाहीत, तीच चाहत्यांना पाठ का असतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांवरच्या मालिका आणि सिनेमे लोक वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा पाहतात. हेच लोक एकीकडे “पुस्तकाला हात लावू नका” म्हणून भांडतात, आणि दुसरीकडे त्यांची सगळ्यात लाडकी दृश्यं पुस्तकात सापडतच नाहीत. मी एका जुन्या प्रेमकादंबरीवर वेबसिरीज लिहायला घेतली आहे. मी या चाहत्यांचं नेमकं काय ऐकायचं?’

पटकथा लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि त्यातलं बरंचसं काम दुसऱ्याच्या कादंबरीवर बसूनच होतं. तेव्हा आधी उत्तर सांगतो, मग कारणं. चाहत्यांच्या वागण्यात तुम्हाला जी विसंगती दिसते, ती विसंगती नाहीच. कादंबरीकाराने काही जागा मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या असतात. तिथे तुम्ही नवीन लिहिलंत तर लोक डोक्यावर घेतात. जिथे कादंबरी स्वतः पोटभर बोलली आहे तिथे तुम्ही तोंड घातलंत की लोक पेटतात. ‘इमान’ म्हणतात ते हेच. आता कोणती जागा मोकळी आणि कोणती भरलेली, हे ओळखण्यात आमचं निम्मं काम जातं.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च घेऊ, कारण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी तीच आहे. कादंबरी १८१३ची. तिचा जवळजवळ सगळा मुक्काम नायिका एलिझाबेथ बेनेटच्या डोक्यात. सुरुवातीच्या काही प्रकरणांत ऑस्टेन अधूनमधून एखाद्या वाक्यापुरती नायक डार्सीच्या मनात डोकावते, त्याला एलिझाबेथचे डोळे आवडले आहेत एवढं वाचकाच्या कानात सांगते आणि दार लावून घेते. मग त्याचं मन उघडतं ते थेट लग्नाच्या मागणीलाच. मधल्या काळात त्याचं काय चाललं होतं? माहीत नाही. पुरुष-पुरुषच बसून बोलताहेत असा प्रसंग या कादंबरीत जवळपास नाही. म्हणजे प्रेमकथेतल्या दोघांपैकी एकाची अख्खी बाजू वाचकाने आपापल्या मनात रचायची, अशी ही योजना आहे. आणि दोनशे वर्षं वाचक ती रचत आलेले आहेत.

१९९५ साली बीबीसीने सहा भागांची मालिका केली. पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची, दिग्दर्शन सायमन लँग्टन यांचं, डार्सी झाला कॉलिन फर्थ आणि एलिझाबेथ जेनिफर ईली. डेव्हिसनी ही मोकळी बाजू पहिल्याच मिनिटाला उचलली. कादंबरी सुरू होते ते प्रसिद्ध वाक्य आणि बेनेट नवरा-बायकोच्या संवादाने. मालिका सुरू होते दोन घोडेस्वारांच्या दौडीने. डार्सी आणि त्याचा मित्र बिंगली नेदरफील्डचं घर पाहायला आलेत आणि एलिझाबेथ टेकडीवरून त्यांना पाहते आहे. पुढे डार्सी अंघोळ करून उठतो आणि खिडकीतून खाली कुत्र्याशी खेळणाऱ्या एलिझाबेथला पाहत राहतो. तलवारबाजीचा सराव करतो आणि स्वतःशीच म्हणतो, यावर मी मात करणारच. एलिझाबेथच्या पळून गेलेल्या बहिणीला, लिडियाला, शोधत लंडनच्या गल्ल्या पालथ्या घालतो. यातलं काही कादंबरीत घडताना दिसत नाही, पण कादंबरीशी भांडतही नाही. पुस्तकात त्याच वेळी दुसरीकडे हे चालू असेल, असं कुणालाही पटतं. चाहत्याला मिळतो तो त्याने आजवर मनात रचलेला डार्सी, आणि मिळाला की तो म्हणतो, ‘अगदी पुस्तकातल्यासारखा!’ पुस्तकात तो नाही हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

तळ्याचं दृश्य तर इतकं गाजलं की त्यावर बोलायचा कंटाळा यावा, पण धंद्याच्या दृष्टीने ते फार शिकवणारं आहे, म्हणून जरा थांबतो. कादंबरीत एलिझाबेथ मामा-मामींबरोबर पेंबर्ली ही डार्सीची हवेली पाहायला जाते. मालक घरी नाही अशी खात्री करून घेतलेली. हिरवळीवरून नदीकडे जाताना ती घराकडे वळून पाहते आणि तबेल्याकडच्या रस्त्याने अचानक डार्सी समोर येतो. वीस पावलांचं अंतर, नजरानजर होते आणि दोघांचेही चेहरे लालबुंद होतात. ऑस्टेन इथे पानभर लिहीत नाही. लाजले, एवढंच सांगते.

आता हे दाखवा बरं कॅमेऱ्याला. नट हुकमी रडू शकतो, हुकमी लाजून लाल होऊ शकत नाही. झाला तरी मेकअपखाली दिसत नाही, आणि दिसला तरी लांबून घेतलेल्या शॉटमध्ये त्याचा काही उपयोग नाही. कागदावर एका वाक्यात झालेलं काम पडद्यावर शून्य. तेव्हा डेव्हिसनी काय केलं, तर लाजेला कारण दिलं. उन्हातून घोडा दामटत आलेला माणूस स्वतःच्याच तळ्यात उडी मारतो, ओला शर्ट अंगाला चिकटलेला, केस विस्कटलेले, हातात कोट, आणि समोर नेमकी तीच मुलगी जिने त्याला झिडकारलेलं. मग दोघंही ‘आई-वडील बरे आहेत ना?’ छापाचं बोलू लागतात, आणि डार्सी तेच तेच पुन्हा विचारतो. डेव्हिस यांनी पुढे सांगितलंय की त्यांच्या डोक्यात प्रसंग विनोदी होता: भलत्या अवस्थेत सापडलेली दोन माणसं रीतभात सांभाळायला बघताहेत. प्रेक्षकांनी त्याचं काय केलं ते जगजाहीर आहे.

गंमत अशी, की डार्सी पाण्यातून उभा राहून बाहेर येतोय असा शॉट त्या मालिकेत नाहीच. उडी आहे (आणि ती मारणारा स्टंटमन आहे), पाण्याखालचं पोहणं आहे, आणि मग एकदम ओला माणूस चालत येतो. तरीही लोकांना तो बाहेर येताना स्पष्ट ‘आठवतो’. २०१३ साली लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तळ्यात छातीएवढ्या पाण्यात उभ्या डार्सीचा १२ फुटी पुतळा बसवला गेला, तोही या न घडलेल्या क्षणाचा. ऑस्टेनने जागा सोडली ती डेव्हिसनी भरली, डेव्हिसनी सोडली ती प्रेक्षकांनी.

याच कादंबरीवरच्या २००५च्या सिनेमातल्या हाताबद्दलही असंच. दिग्दर्शक जो राइट, पटकथा डेबोरा मोगाक, एलिझाबेथ झाली किरा नाइटली आणि डार्सी मॅथ्यू मॅकफेडियन. आजारी बहिणीची शुश्रूषा आटोपून एलिझाबेथ नेदरफील्डहून घरी निघते. गाडीत चढताना डार्सी तिला हात देतो, उघडा हात, हातमोजा नाही. ती चकित होऊन पाहते, तोवर तो पाठ फिरवून चालू लागलेला असतो, आणि कॅमेरा खाली येतो: त्याची बोटं ताठ होऊन फाकतात आणि सैल पडतात. झालं, दोन-तीन सेकंदांचा ऐवज. मुळात ती मॅकफेडियनची स्वतःची हालचाल. राइट यांनी ती हेरली आणि तिचा क्लोजअप घेतला. आज विशीतल्या मुली हा तुकडा फोनवर फिरवतात. त्यांतल्या कित्येकींनी पूर्ण सिनेमा नंतर पाहिला असेल.

पुस्तकात त्या जागी काय आहे? बारावं प्रकरण काढा. डार्सीला जाणवलंय की आपण हिच्याकडे जरा जास्तच ओढले जातोय, म्हणून तो ठरवतो की कौतुकाची कोणतीही खूण दिसू द्यायची नाही. अख्ख्या शनिवारी तो तिच्याशी जेमतेम दहा शब्द बोलतो. अर्धा तास दोघंच एका खोलीत असतात, तर हा पठ्ठ्या इमानेइतबारे पुस्तकात डोकं घालून बसतो, वर बघत नाही. वाचताना हसू येतं. आता अर्धा तास वर न बघणारा माणूस पडद्यावर दाखवला तर प्रेक्षकाला वाटेल, याला हिच्यात काही रस नाही. ऑस्टेन सोबत कारण सांगते म्हणून कागदावर तो जमतो. पडद्यावर कारण सांगणारं कुणी नाही. राइट यांनी तो कोंडलेला शनिवार बोटांत आणला. मजकूर वेगळा, प्रसंग वेगळा, पण माणसाची अवस्था तंतोतंत तीच. चाहते हात फिरवत बसतात ते उगीच नाही.

आता एक गोष्ट जी पुस्तकाचे कट्टर भक्तही सहसा विसरतात. हन्सफर्डच्या त्या पहिल्या मागणीत डार्सीची सुरुवातीची तीन-चार वाक्यं तेवढी ऑस्टेनने त्याच्या तोंडी दिली आहेत. पुढचं सगळं, म्हणजे तुझं घराणं कसं कमी, माझ्या बुद्धीने मला किती अडवलं वगैरे, निवेदनातून येतं. त्याने असं असं सांगितलं, एवढंच. दुसऱ्या मागणीत तर कहर आहे. डार्सी विचारतो ते त्याच्या शब्दांत. पण ज्या होकारासाठी वाचकाने अख्खी कादंबरी वाचली, तो एलिझाबेथचा होकार तिच्या शब्दांत नाहीच. अडखळत का होईना, तिने आपलं मन पालटल्याचं त्याला समजू दिलं, एवढं सांगून ऑस्टेन मोकळी होते. म्हणजे जो कुणी ही कादंबरी पडद्यावर आणेल त्याला कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य स्वतः लिहावं लागतं. यात इमानाचा प्रश्नच येत नाही. नक्कल करायला मूळच नाही.

१९९५मध्ये डेव्हिसनी निवेदनाचे संवाद केले आणि ऑस्टेनच्या वाक्यरचनेचा बाज ठेवला. होकार गावाकडच्या वाटेवर चालता चालता, नजर बहुतेक वेळ जमिनीकडे, आवाज खाली. २००५मध्ये पहिली मागणी पाळकाच्या घरातल्या खोलीतून उचलून स्टुअरहेडच्या बागेतल्या देवळात, धो धो पावसात नेली. दुसरी पहाटेच्या धुक्यात, माळावर, आणि होकार म्हणजे त्याच्या हाताचं चुंबन आणि ‘हात गार पडलेत तुमचे’ एवढंच. मला विचाराल तर पाऊस जरा जास्त झाला. पण हात गार पडलेत हे वाक्य ऐकून मी मनात टोपी काढली. ज्या बाईचा होकार लेखिकेने दोनशे वर्षांपूर्वी झाकून ठेवला, तिला होकार सोडून भलतंच बोलायला लावायचं, यात जागेची जाण आहे.

अमेरिकेत त्या सिनेमाला वेगळा शेवट होता: रात्री पेंबर्लीच्या गच्चीवर नवरा-बायको, आणि तो तिला ‘मिसेस डार्सी’ म्हणत राहतो. ब्रिटनमध्ये सिनेमा एलिझाबेथच्या बापाच्या खोलीतच संपला. तिथल्या ऑस्टेनभक्तांना गच्चीचा प्रसंग गुळचट वाटला, आणि तो आहेच.

माझं स्वतःचं आवडतं उदाहरण मात्र यातलं नाही. १९९५च्या मालिकेत पाचव्या भागात पेंबर्लीतली संध्याकाळ आहे. एलिझाबेथ गाऊन उठली आहे, डार्सीची बुजरी बहीण जॉर्जियाना पियानोवर बसली आहे. बिंगलीची बहीण कॅरोलिन खवचटपणे विकहॅमचं नाव काढते. या माणसाने जॉर्जियानाला पळवून न्यायचा घाट घातला होता हे खोलीत दोन-तीन जणांनाच ठाऊक. पोरीचा हात थबकतो, सूर तुटतो. एलिझाबेथ झटकन तिच्या शेजारी जाते: पानं उलटायला कुणी नाही तर तुम्ही वाजवणार कशा, माझंच चुकलं. पुन्हा वाजवणं सुरू होतं. मग एलिझाबेथ मान वर करते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या डार्सीशी तिची नजर मिळते. तो पाहतो, ती पाहते, सूर चालू आहेत, कुणी काही बोलत नाही. आमच्या भाषेत निव्वळ चार-पाच रिॲक्शन शॉट. कादंबरीत हा प्रसंग सकाळच्या भेटीचा आहे, पियानो नाही आणि पानं उलटणंही नाही. कॅरोलिनचा टोमणा आणि बहिणीची घालमेल मात्र आहे. डेव्हिसनी ती घालमेल घेतली आणि तिला हाताने करायचं काम दिलं. नवशिक्या लेखकांना मी नेहमी सांगतो: दोन माणसं प्रेमात पडलेली दाखवायची असतील तर त्यांना तिसऱ्या कुणाची तरी काळजी करायला लावा.

इथेच पुन्हा पुन्हा पाहण्याचं कोडं सुटतं. रहस्यकथा एकदा कळली की संपली. प्रेमकथेचा शेवट आधीच ठाऊक असतो. डार्सी-एलिझाबेथचं लग्न होणार हे पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही माहीत असतं. तेव्हा पुढे काय होणार याची चिंता सुटते आणि डोळा चेहऱ्यांकडे मोकळा होतो. दुसऱ्यांदा पाहताना प्रेक्षक बोलणाऱ्याकडे बघत नाही, ऐकणाऱ्याकडे बघतो. पहिल्या भागातला डार्सी पहिल्या वेळी उद्धट दिसतो. पुन्हा पाहताना त्याच फ्रेममध्ये तो चुकत-माकत तिच्याकडे पाहताना सापडतो. फ्रेम बदललेली नसते, पाहणाऱ्याजवळची माहिती बदललेली असते. एलिझाबेथचंही अगदी हेच होतं. झिडकारल्यानंतर आलेलं डार्सीचं पत्र वाचल्यावर तिला मागचे सगळे प्रसंग पुन्हा तपासावे लागतात. म्हणजे दुसऱ्यांदा पाहणारा चाहता नायिकेचंच काम करत असतो.

मालिका की सिनेमा हा वाद मी फार मनावर घेत नाही, पण लांबीचा परिणाम होतो खरा. साडेपाच तासांत गावाकडचा कंटाळा मावतो: पत्रांची वाट, पाऊस, त्याच त्या चार कुटुंबांत जेवणं. तो कंटाळा असला तरच नवं माणूस गावात येण्याला अर्थ. तिसरा भाग संपतो त्या झिडकारण्यावर, आणि तेव्हाच्या ब्रिटनमधल्या प्रेक्षकाला डार्सीचं पत्र ऐकायला पुढच्या रविवारपर्यंत थांबावं लागलं. दोन तासांच्या सिनेमाजवळ हा वेळ नसतो, म्हणून तो धुकं, पाऊस, हात, श्वास यांच्याकडे वळतो. आपल्याकडे दूरदर्शननेही १९८५ साली याच कादंबरीवर ‘तृष्णा’ नावाची मालिका केली होती. मुलींची लग्नं, आईची धांदल आणि जमीन परक्या वारसाकडे जाण्याची भीती, यातलं काहीच आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही.

ऑस्टेनबाहेर बघायचं तर एलिझाबेथ गॅस्केलची ‘नॉर्थ अँड साउथ’. डिकन्सच्या साप्ताहिकात १८५४-५५मध्ये क्रमशः आली, आणि जागेच्या ओढाताणीत शेवट उरकावा लागल्याची खंत खुद्द लेखिकेला होती. शेवट लंडनमधल्या एका घरात, बंद खोलीत होतो. २००४च्या बीबीसी मालिकेत सँडी वेल्श यांनी तो रेल्वे स्टेशनवर नेला: एक गाडी उत्तरेला, एक दक्षिणेला, मधल्या फलाटावर नायक थॉर्नटन आणि नायिका मार्गारेट, आणि सगळ्यांसमोर चुंबन. १८५०च्या दशकात भल्या घरच्या मुलीने असं केलं असतं तर काय गहजब झाला असता, हे या मालिकेच्या चाहत्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी ते फलाट सोडत नाहीत. त्याच मालिकेत मार्गारेट बर्फातून गाडीने निघून जाते आणि थॉर्नटन दारात उभा राहून पुटपुटतो, मागे वळून बघ. हेही पुस्तकात नाही. पण गॅस्केलने शेवटाला जो अवकाश दिला नाही, तो या दोन दृश्यांनी दिला, म्हणून ती पचली.

आता उलट बाजू. ‘पर्स्वेजन’ ही ऑस्टेनची शेवटची पुरी कादंबरी. नायिका ॲन एलियट सत्तावीस वर्षांची, आठ वर्षांपूर्वी मोडलेलं लग्न मनात जपणारी, आणि घरात तिचं कुणी ऐकत नाही. ती गप्प असते, हीच कादंबरी. २०२२च्या सिनेमात ती कॅमेऱ्याकडे बघून प्रेक्षकांशी टिवल्याबावल्या करते. आणि ऑस्टेनचं ते जीवघेणं वाक्य, की एकेकाळी एकमेकांचे सर्वस्व असलेले दोघं आता परक्यांहून परके, कारण परक्यांची निदान ओळख तरी होऊ शकते. त्याचं तिथे ‘आता आपण एक्स’ झालं. चाहते खवळले ते भाषा आजची केली म्हणून नव्हे. ‘क्लुलेस’ सिनेमाने १९९५ साली ऑस्टेनचीच ‘एमा’ उचलून थेट बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत नेली तेव्हा याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथे खवळले कारण ती जागा मोकळी नव्हती. ॲनचं गप्प राहणं ऑस्टेनने पानोपानी भरलेलं होतं, आणि तिच्या जुन्या प्रियकराच्या, वेंटवर्थच्या, पत्राचं मोल त्या गप्प बसण्यावरच उभं आहे. २००७च्या आवृत्तीत ॲन बाथच्या रस्त्यांवरून धापा टाकत धावत सुटते, त्यावर अजून थट्टा चालते. मला त्या नटीची, सॅली हॉकिन्सची, कीव येते. तिने काम चांगलं केलंय, पळवलं तिला पटकथेने.

तुमच्या वेबसिरीजबद्दल. कादंबरी हातात घेऊन तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. जिथे लेखक ‘त्याने तिला सांगितलं’ म्हणून संवाद टाळतो, ते एका रंगाने. जिथे एखादं पात्र चार-पाच प्रकरणं गायब होतं, ते दुसऱ्या. जिथे मनातली अवस्था नुसती सांगितली आहे, बाहेर काही घडत नाही, ते तिसऱ्या. तुमचं लिहिणं बहुतेक या रंगलेल्या जागांतच होणार आहे. जे कोरं राहिलं तिथे कात्री चालवा हवी तर, भर घालू नका. चाहते कापलेलं बऱ्यापैकी सोसतात. २००५च्या सिनेमाने बिंगलीची एक विवाहित बहीण आणि तिचा नवरा उडवले, फार कुणी रडलं नाही.

आणि चाहत्यांचं ऐकताना ते काय मागतात यापेक्षा कोणत्या सेकंदाला मागे नेऊन पुन्हा पाहतात ते बघा. मागणी विचारलीत तर सगळे ‘पुस्तकाप्रमाणे’ असंच सांगतील. सुरुवातीला अभ्यासापुरता १९९५चा चौथा भाग घ्या, आधी कादंबरीचं त्रेचाळिसावं प्रकरण वाचून, आणि डेव्हिसनी कोणत्या ओळीवर बोट ठेवून लिहिलं असेल ते समासात मांडत जा. तेवढं झालं की तुमच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण उघडा.